‘मनी कुठाय?’ म्हणजे अंगणवाडीच्या टीचरना ‘समावेश’ शिकवतात तो नेमका काय असतो

आमच्या भाच्याची पोरगी साडेतीन वर्षांची. घरात सगळी मराठी, म्हणजे आमची बेळगावी मराठी, आणि गल्लीतली अंगणवाडी कन्नड. नवीन टीचर आल्या, स्वभावानं चांगल्या, पहिल्याच दिवशी पोरीला जवळ घेऊन विचारलं, “निम्म मनी येल्लैति?” म्हणजे तुमचं घर कुठं आहे. आता इकडच्या कन्नडात मनी म्हणजे घर, आणि आपल्याकडं मनी म्हणजे मांजर. पोरगीनं लगेच सांगितलं, “चुलीम्होरं झोपलीया.” टीचरना काय कळेना, त्यांनी परत विचारलं, हिनं परत तेच सांगितलं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर रडून मोकळी झाली. घरात आम्ही आठवडाभर हसलो त्याच्यावर.

पण महिन्याभरानं टीचर म्हणाल्या की मुलगी थोडी मंद वाटते, विचारलेलं सांगत नाही, तेव्हा हसू गेलं. चित्रांची कार्डं दाखवून विचारायची पद्धत असते ना, त्यात म्हणे टीचरनी ‘कोळि’ दाखव म्हटलं तर हिनं कोळ्याच्या जाळ्यावर बोट ठेवलं. कन्नडात कोळि म्हणजे कोंबडी. ‘हत्ति’ म्हटलं तर हत्ती दाखवला, कन्नडात हत्ति म्हणजे कापूस आणि हत्तीला आने म्हणतात. म्हणजे पोरीची सगळी उत्तरं बरोबर होती, फक्त ती दुसऱ्याच पेपरची होती.

हे डोक्यात घोळत असतानाच माझी एक चुलत वहिनी ट्रेनिंगला जाऊन आली. ती स्वतः अंगणवाडी टीचर, खानापूर तालुक्यात, वीस वर्षं झाली. तिथं ‘डायव्हर्सिटी’, ‘इक्विटी’, ‘इन्क्लूजन’ असे शब्द ऐकून आली आणि मला म्हणाली, भावजी, हे काय आहे ते नीट सांगा, कारण मोबाईलवर तर अमेरिकेत हेच सगळं बंद करूलेत म्हणून येतंय. म्हणून हा लेख. तिला समजावताना मलाच बऱ्याच गोष्टी नव्यानं कळल्या.

आधी तीन शब्द, एकदाच

लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. पंगतीला कोण कोण आलंय, कुठल्या गावचं, कुठल्या भाषेचं, कुणाला दात आहेत कुणाला नाहीत, ही झाली विविधता, म्हणजे डायव्हर्सिटी. ती कुणी आणावी लागत नाही, ती असतेच. सगळ्यांच्या पानात एक एक मांडा टाकला की ती समानता. पण बिनदाताच्या आज्जीला मांडा दुधात कुस्करून दिला आणि शुगरवाल्या मामाला बिनसाखरेचं काहीतरी आधी वाढलं, तर तो समन्याय, इक्विटी म्हणतात तो हाच. समन्यायात पान सगळ्यांचं सारखं दिसत नाही पण जेवून सगळे उठतात. आणि समावेश म्हणजे इन्क्लूजन हा पानात काय आहे याचा प्रश्नच नाही, बसवलंय कुठं याचा आहे. मागच्या दारी वेगळी पत्रावळ मांडून तेच जेवण दिलं तरी तो समावेश नव्हे. मागच्या दारची पंगत कुणाची असायची हे आपल्याकडच्या गावात कुणाला समजावून सांगायला लागत नाही.

बस, एवढेच शब्द. ट्रेनिंग म्हणजे हे तीन शब्द पाठ करणं असं वाटत असेल तर तसं नाही. टीचरच्या डोळ्याला कुठलं पोर दिसत नाही ते तिला दाखवून देणं, हे खरं काम.

पण आत्ताच हा विषय कुठून आला?

सरकारी अंगणवाडी १९७५ पासून आहे. त्या वर्षी २ ऑक्टोबरला देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि बरीच वर्षं आपल्या डोक्यात अंगणवाडी म्हणजे खाऊ, वजनकाटा आणि लस. आता दिशा बदललीय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पहिला टप्पा धरला, म्हणजे अंगणवाडी ते दुसरी हा एकच पाया. त्याच धोरणात अंगणवाडी टीचरना बारावी झाली असेल तर सहा महिन्यांचा आणि कमी शिक्षण असेल तर वर्षाचा कोर्स द्यायचा असं म्हटलंय. मग मे २०२३ मध्ये केंद्रानं ‘पोषण भी पढाई भी’, म्हणजे अंगणवाडीत खाऊबरोबर शिकवणंही, सुरू केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीत काय करायचं याची वेगळी नियमावली आली. कर्नाटकात एलकेजी-युकेजी शाळांत नको, अंगणवाडीतच करा म्हणून टीचर रस्त्यावर आल्या होत्या तेही तुम्हाला आठवत असेल. आणि राज्याच्या महिला-बालकल्याण मंत्री आपल्या बेळगाव ग्रामीणच्याच आमदार, त्यामुळं इथं अंगणवाडीची बातमी जरा जास्तच वाचली जाते.

म्हणजे झालंय असं की आधी खिचडी वाढणाऱ्या बाईला आता शिक्षिका म्हणताहेत, आणि शिक्षिका म्हटलं की कुणाला शिकवतेस, कुठल्या भाषेत शिकवतेस, कोण मागं राहिलंय हे प्रश्न आलेच.

एवढुश्या पोरांना काय कळतंय जात-भाषा?

हा पहिला आक्षेप, आणि तो सगळ्यात चुकीचा आहे.

१९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या नवरा-बायकोनं, दोघं मानसशास्त्रज्ञ आणि दोघं कृष्णवर्णीय, तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढं दोन बाहुल्या ठेवल्या, एक गोरी एक काळी, बाकी दोन्ही सारख्या. चांगली कुठली, खेळायला कुठली हवी असं विचारलं. बहुतेक मुलांनी गोरी उचलली. स्वतःच्या रंगाची बाहुली वाईट म्हणून बाजूला ठेवली. पुढं १९५४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या तेव्हा क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला होता. आपल्याकडं बाळ जन्मल्यावर पहिला प्रश्न काय असतो ते आठवा, मुलगा का मुलगी, आणि दुसरा, रंग कसा आहे. मग त्या पोराला तीन वर्षांत काही कळत नाही म्हणायचं?

भाषेचं तर अजून लवकर. २००७ मध्ये एक अभ्यास आला, कॅथरीन किंझलर आणि सहकाऱ्यांचा. दहा महिन्यांच्या बाळांपुढं व्हिडिओत दोन माणसं, एक त्यांच्या घरची भाषा बोलणारं, एक परक्या भाषेचं. दोघांनी सारखंच खेळणं पुढं केलं, बाळांनी जास्त वेळा आपल्या भाषेवाल्याकडचं घेतलं. पाच वर्षांची मुलं दोस्त निवडताना आपल्या उच्चाराच्या मुलाला निवडत होती. यात वाईट काही नाही, आपलं माणूस ओळखायची ती सोय आहे निसर्गाची. पण याचा अर्थ असा की तीन वर्षांचं पोर अंगणवाडीच्या दारात पाय ठेवतं तेव्हा कोण आपलं कोण परकं याचा हिशेब त्याच्या डोक्यात आधीच चालू झालेला असतो. टीचरनं काही केलं नाही तर तो तसाच घट्ट होतो, एवढंच.

“आम्ही तर सगळ्यांना सारखंच वागवतो की”

वहिनीचंही हेच म्हणणं होतं. मग तिनं ट्रेनिंगमधला एक प्रकार सांगितला आणि मला तो फार आवडला. सगळ्या टीचरना कोरा कागद दिला आणि म्हणाले, हजेरी न बघता आपल्या अंगणवाडीतल्या सगळ्या मुलांची नावं लिहा, आठवतील त्या क्रमानं.

वहिनीच्या पटावर चोवीस पोरं. एकोणीस नावं झटझट आली, मग पेन अडलं. विसावं आठवायला दोन मिनिटं लागली म्हणे. राहिलेली पाच कोण होती? दोन ऊसतोड टोळीतली, हंगामापुरती आलेली. एक मुलगा जो कायम भिंतीला टेकून बसतो. एक पोरगी जिची आई कधी सोडायला येत नाही, मोठी बहीण आणून टाकते आणि जाते. आणि एक गवळी-धनगर वस्तीवरचा, आठवड्यातून दोन दिवस येणारा. मग त्यांना सांगितलं की आता पहिल्या पाच नावांपुढं त्या मुलांचं घर कुठल्या गल्लीत आहे ते लिहा. वहिनीची पहिली पाचही पोरं तिच्या स्वतःच्या गल्लीतली.

वहिनी काही भेदभाव करणारी बाई नाही, मी तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखतो. पण पाच पोरं तिला पटकन आठवली नाहीत म्हणजे दिवसभरात त्या पाचांना तिनं हाक मारली नसणार, गाणं म्हणायला पुढं बोलावलं नसणार, मांडीवर घेतलं नसणार. यात द्वेष कुठंच नाही, नजर तिकडं जातच नाही. मनाच्या असल्या न ठरवता होणाऱ्या झुकावाला नकळत पूर्वग्रह म्हणतात.

आणि उलटंही होतं, नजर नको तिथं जास्त जाते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात वॉल्टर गिलियम यांनी बालवाडीच्या शंभरावर शिक्षकांना व्हिडिओ दाखवले, त्यात काळी-गोरी मुलं-मुली खेळताहेत, आणि सांगितलं की कोण दंगा करतंय ते शोधा. व्हिडिओत दंगा नव्हताच कुठं. शिक्षकांची नजर कुठं जाते ते यंत्रानं मोजलं, तर ती सगळ्यात जास्त वेळ काळ्या मुलग्यावर थांबली होती. आपल्याकडं असं यंत्र लावलं तर नजर कुणावर थांबेल ते तुम्हीच मनात म्हणा, मी नाव घेत नाही.

तो भिंतीला टेकून बसणारा मुलगा आहे ना, त्याचं पुढं असं निघालं की त्याला एका कानानं कमी ऐकू येतंय. वर्षभर तो हट्टी म्हणून गाजला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्यातली कितीतरी या वयात नुसती ‘खोड’ म्हणून दिसतात. २०२३ च्या नियमावलीतही टीचरनं डॉक्टर व्हायची अपेक्षा नाही, लक्षणं लवकर ओळखा, पोराला सगळ्यांत सामील ठेवा, घरच्यांना धीर द्या आणि आशाताई किंवा नर्सबाईंमार्फत पुढच्या तपासणीला पाठवा, एवढंच आहे. पाठीमागून टाळी वाजवून बघायला पैसे लागत नाहीत.

आपल्या सीमाभागात हे जरा जास्तच गुंतागुंतीचं का

बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४८ लाख, त्यात मराठी बोलणारे साधारण पाचातला एक. पण ही सरासरी झाली. खानापूर, बेळगाव तालुका, निपाणी इकडं गावंच्या गावं मराठी, आणि बैलहोंगल, सौंदत्तीकडं गेलं की मराठी ऐकायला मिळणं मुश्कील. त्यात उर्दू, लमाणी तांडे, कोकणी, खानापूरच्या जंगलातले गवळी-धनगर आणि सिद्दी. पलीकडं हल्याळ, जोयडा, आणि दूर बिदरला भालकी, औराद, तिकडंही असंच मिसळलेलं. एका अंगणवाडीत चार भाषा म्हणजे इथं नवल नाही.

सीमाप्रश्न मी इथं काढणार नाही, तो २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथं राहू दे. पण एक गोष्ट बघा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेत शिकायची सोय करावी असं घटनेच्या ३५०-अ कलमात आहे, १९५६ मध्ये भाषावार प्रांत झाले तेव्हाच ते घातलं. आपण त्याच्यावर भाषणं खूप ऐकलीत. पण त्यात शब्द ‘प्राथमिक’ आहे. अंगणवाडी त्याच्या आधी येते. म्हणजे जिथं पोर पहिल्यांदा घराबाहेर पडतं आणि पहिल्यांदा परकी भाषा कानावर पडते, नेमकी ती तीन वर्षं त्या कलमाच्या अलीकडं राहतात. तिथं कायद्याआधी टीचरच लागते, वीस-पंचवीस मराठी शब्द येणारी कन्नड टीचर, किंवा वीस-पंचवीस कन्नड, उर्दू शब्द येणारी मराठी टीचर. पाणी, भूक, शू, दुखतंय, आई, घर, भीती वाटते, नको. नकोला कन्नडात ब्याड म्हणतात हे माहीत नसेल तर पोर ‘ब्याड ब्याड’ म्हणून रडतंय आणि बाई त्याच्या तोंडात घास कोंबतीय असं होतं. मी बघितलंय हे, आणि टीचर आपली मराठीच होती.

हे मुद्दाम सांगतोय. आपण मराठी लोक या भागात भाषेची तक्रार करण्यात तरबेज आहोत, आणि तक्रार खरीही आहे. पण आपल्या वाड्यातल्या मराठी अंगणवाडीत कन्नड पोराचं, उर्दू पोराचं, लमाणी पोराचं काय होतं हे आपण कधी विचारलंय? एवढं लांब कशाला, मराठी पोराचंच घ्या. पुस्तक म्हणतं जेवतोय, आमचं पोर म्हणतं जेवूलोय, मराठवाड्यातून आलेल्या टोळीतलं पोर म्हणतं जेवायलोय. तिन्ही मराठी. पण टोळीतल्या पोरानं तोंड उघडलं की बाकीची पोरं हसतात, आणि टीचरही गालात हसते.

अथणी, चिकोडी, कागवाड, रायबागकडं साखर कारखाने सुरू झाले की बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. उसाच्या फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. ती पोरं पाच महिने इथली असतात आणि इथल्या कुणाचीच नसतात. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांची पोरं आईच्या सुपाजवळ वाढतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडायची प्रथा १९८२ च्या कायद्यानं बंद केली, पण त्या बायकांची घरं या जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्या नातवंडाला पहिल्याच दिवशी चारचौघांत “बापाचं नाव काय?” म्हणून विचारलं की त्या पोराच्या आईला काय होत असेल? नाव विचारू नका असं नाही, पण पालकाचं नाव विचारा, बाजूला घेऊन विचारा. ट्रेनिंगमध्ये असल्याच बारक्या गोष्टी असतात. असल्याच असाव्यात.

“हे सगळं अमेरिकेचं खूळ, तिथंच बंद केलं की”

बातमी अर्धी खरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सरकारी खात्यांतले असले कार्यक्रम बंद करायचे आदेश काढले, आणि मार्चमध्ये ‘हेड स्टार्ट’ला, म्हणजे गरीब घरच्या लहान मुलांसाठी १९६५ पासून चालणाऱ्या त्यांच्या अंगणवाडीसारख्या योजनेला, असल्या ट्रेनिंगवर केंद्राचा पैसा खर्च करायचा नाही असं कळवलं. तिथं त्यावर भांडण चालू आहे, त्यांचं ते बघतील. त्यांचे काळे-गोरे आणि आपली जात-भाषा हे एकाच मापानं मोजायचंही कारण नाही.

पण कल्पना अमेरिकेची आहे म्हणणाऱ्याला अंगणवाडी हा शब्द कुठून आला ते माहीत नसतंय. ताराबाई मोडक १९४५ मध्ये शहर सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या, बालवाडी काढली. चांगली बालवाडी, पण वारली मुलं येईनात. त्यांना बोलावून, समजावून थकल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी उलटं केलं, बालवाडीच उचलून पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात भरवली. ती अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणात शाळा, तिचं नाव कुरणशाळा. पुढं १९५७ मध्ये कोसबाडला गेल्यावरही हेच. मूल आमच्या शाळेत बसत नाही असं म्हणायचं सोडून आमची शाळा मुलाला बसत नाही असं म्हणणं, याला आता इंग्रजीत मोठा शब्द आहे एवढंच. ज्या शब्दाची पाटी आपल्या गल्लीत लागलीय त्याच्या पोटातच समावेश आहे.

“मग पोरं कन्नड शिकणार कधी?”

हा आक्षेप कन्नड बाजूनं येतो, आणि तो टवाळी करण्यासारखा नाही. राज्यात राहायचं तर कन्नड आलंच पाहिजे, २०१५ च्या कायद्यानं ते शाळांत सक्तीचंही केलंय, आणि मला विचाराल तर आलेलं बरंच, बाजारात, दवाखान्यात, तहसीलदार ऑफिसात त्याशिवाय चालत नाही. प्रश्न कधी आणि कसं एवढाच आहे.

मसाल्याचा डबा घ्या. जिरं, मोहरी, हळद वेगवेगळ्या वाटीत भरलेली असेल तर वाटीवर मराठी चिठ्ठी काढून कन्नड लावायला किती वेळ लागतो? पण वाट्याच रिकाम्या असतील तर नुसत्या चिठ्ठ्या लावून स्वयंपाक होत नाही. पाच म्हणजे किती हे पोराला घरच्या भाषेत कळलं असेल तर ऐदु हे त्या वाटीवरचं दुसरं नाव. नाही कळलं तर पोर ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु घडघडा म्हणतं आणि पाच बिया मोजून द्या म्हटलं की मूठ भरून देतं. अशी पोरं पाचवीपर्यंत पोचतात आणि मग आपण म्हणतो गणित कच्चं आहे. घरची भाषा आधी पक्की, दुसरी तिच्या खांद्यावर, हे राष्ट्रीय धोरणही म्हणतंय आणि सुखदेव थोरात यांच्या आयोगानं कर्नाटक सरकारला २०२५ मध्ये दिलेल्या अहवालातही पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषा असंच म्हटलंय.

भाषा अंगणवाडीत शिरली की राजकारण किती लवकर पेटतं ते सप्टेंबर २०२४ मध्ये बघितलं आपण, चिक्कमगळूर जिल्ह्यात मुडिगेरेकडं टीचर भरतीत उर्दू यायला पाहिजे असं आलं आणि केवढा गदारोळ झाला. त्या गोंधळात तीन वर्षांचं पोर रडताना कुठल्या भाषेत रडतं हे कुणीच विचारलं नाही.

आणि खरं सांगू का, आपण कन्नड-मराठी करत बसलोय तोवर दोन्हीकडचे आईबाप पोराला टाय घालून इंग्लिश मीडियम नर्सरीच्या रिक्षात बसवूलेत. खासगी शाळेवर सरकारला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच केसमध्ये सांगितलंय. अंगणवाडीत उरतात ती कुणाची पोरं, हा वेगळाच विषय होईल.

अंडं, केळं आणि मागचं दार

समन्याय सगळ्यात लवकर ताटात दिसतो. अंडं खाणारी पोरं आणि न खाणारी पोरं एका ओळीत बसली की टीचरची परीक्षा असते. न खाणाऱ्याला केळं दिलं, ठीक. पण अंडेवाल्यांना कोपऱ्यात बसवलं की पंगत मोडली. मदतनीस कुठल्या जातीची आहे बघून कोण घरचा डबा पाठवतं हे टीचरला माहीत असतं, तिला बोलायचं धाडस नसतं, कारण तिला त्याच गावात राहायचंय. टीचर गावचीच असते हा अंगणवाडीचा मोठा गुण, आणि अडचणही तीच. इथं ट्रेनिंगपेक्षा सुपरवायझर पाठीशी उभी राहते का हे महत्त्वाचं.

टीचरवर अजून किती लादणार?

याला माझ्याकडं गोड उत्तर नाही. पोषण ट्रॅकर नावाचं सरकारी ॲप भरायचं, वजनं घ्यायची, गरोदर बायकांचं बघायचं, मतदार यादी आली की तेही काम यांच्याकडंच. आणि पगार म्हणायचा नाही, मानधन म्हणायचं. ग्रॅच्युइटीसाठीही २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. अशा बाईला अजून एक वही भरायला दिली तर ती वही भरेल आणि पोर तिथंच राहील. म्हणून चांगल्या ट्रेनिंगची खूण हीच की त्यातून वही निघत नाही, सवय निघते. आज गाणं म्हणायला कालच्या पोराला सोडून दुसऱ्याला बोलाव. भिंतीवर चित्राखाली दोन-तीन भाषांत नाव लिही. चूल-बोळकी मुलग्यांच्याही हातात दे.

एक पद्धत मला फार भारी वाटली, इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेत वापरतात. एक बाहुली घ्यायची, तिला नाव, घर, भाषा, आवडनिवड सगळं द्यायचं आणि ती अधूनमधून वर्गात पाहुणी येते. आज ती रडवेली आहे, का? कारण ती बोलली की सगळे हसतात. मग पोरं सांगतात तिला काय करायचं. वहिनीनं जुन्या साडीची बाहुली केली, आणि पोरांनी तिला पहिला सल्ला काय दिला तर “त्यांना चाव.” सुरुवात म्हणून वाईट नाही.

एका दिवसाच्या ट्रेनिंगनं माणूस बदलतो?

नाही. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण या विषयातले लोकच ते झाकतात. २०१६ मध्ये अमेरिकेत पूर्वग्रह कमी करायच्या नऊ वेगवेगळ्या युक्त्या हजारो लोकांवर तपासल्या. लगेच बघितलं तर नऊच्या नऊ चालल्या. काही तासांनी, फार तर दोन-चार दिवसांनी परत बघितलं तर एकाचाही परिणाम उरला नव्हता. म्हणजे हॉलमध्ये पीपीटी, दुपारी पलाव, संध्याकाळी सर्टिफिकेट आणि ग्रुपवर फोटो, याचा उपयोग फोटोपुरता. ‘पोषण भी पढाई भी’चं तीन दिवसांचं असतं, त्यात खेळ, पोषण, दिव्यांग सगळंच बसवायचं. टिकायचं असेल तर दर महिन्याच्या मीटिंगमध्ये पाच-सहा टीचरनी बसून नावं आठवायचा तो कागद परत भरायला पाहिजे, आणि कुणीतरी येऊन अंगणवाडीत तासभर गुपचूप बसायला पाहिजे, चूक काढायला नव्हे, टीचरला जे दिसत नाही ते बघायला.

आईबापांनाही यात काम आहे. पोराला आणायला गेल्यावर आज काय खाल्लं एवढंच न विचारता, आज कुणाबरोबर खेळलं ते विचारा. रोज एकच नाव आलं किंवा कुणाचंच आलं नाही तर टीचरशी बोला, भांडू नका. माझ्या भाच्यानं तेच केलं. टीचरना मनीचा घोटाळा सांगितल्यावर त्या स्वतःच एवढ्या हसल्या, आणि म्हणाल्या मला मराठीत घरातल्या वीस शब्दांची चिठ्ठी लिहून द्या, कन्नड अक्षरात. भाच्याला कन्नड लिहिता येत नव्हतं. ती चिठ्ठी शेवटी शेजारच्या कन्नड घरातल्या सातवीतल्या मुलीनं लिहिली.

वहिनीनं त्या कागदानंतर टोळीतल्या दोन पोरांना मनावर घेतलं होतं. रोज कोपीवर जाऊन आणायची, थोरल्याला तर ओंदु-एरडु पण यायला लागलं होतं. मार्चमध्ये फड संपला आणि टोळी रात्रीतच ट्रॅक्टरवर सामान लादून गेली. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये स्थलांतराची सोय आहे, म्हणजे पुढच्या गावच्या अंगणवाडीत पोरांचं नाव जाऊ शकतं, म्हणून ती मुकादमाला फोन करून विचारत बसली की कुठं उतरणार. मुकादम म्हणाला, “बाई, ते अजून आम्हालाच माहीत नाही.”